दोन ठोके

खसच्या ताटीवर उन्हाळ्यातलं पहिलं पाणी पडलं की माझे पाय दुखायला लागतात. डॉक्टरला हे सांगून पाहिलं. त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी पुढचं बोललेच नाही, कॅल्शियमच्या गोळ्या घेऊन घरी आले.

परवा कूलरमध्ये नवीन खस भरायला माणूस आला. मोटर सुरू झाली, पाणी झिरपलं आणि तो ओला, मातकट वास घरभर झाला. आमचे हे 'वा!' म्हणून आरामखुर्चीत रेलले. मी मात्र उठले. स्वयंपाकघरात गेले, तिथून अंगणात, अंगणातून परत आत. बाहेर सक्करदऱ्याचं तळं आटत आटत मध्यावर गेलेलं, रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि मी आपली घरातल्या घरात येरझारा घालते आहे. "बस की जरा," हे म्हणाले, "आता कोण तुला हजेरी विचारतंय?" खरंच कोणी विचारत नाही. नोकरी सोडूनही वर्ष झालं. पण मे महिना आला की मला बसवत नाही.

नोकरीत मी नऊ वर्षं बसले आणि सोळा वर्षं उभी राहिले. ट्रंक एक्स्चेंजमधली नोकरी. आता कोपऱ्यावरच्या एसटीडीच्या बूथमध्ये शिरून कोणीही थेट मुंबई फिरवतो, बोलतो, निघून जातो. त्या काळी परगावी बोलायचं तर आधी आमच्याकडे कॉल नोंदवायचा आणि घरी वाट पाहत बसायचं. आम्ही बायका बोर्डासमोर रांगेने बसून दोन गावांच्या तारा जोडून द्यायचो. एका लांबट खोलीत बारा खुर्च्या. समोर भोकाभोकांचा बोर्ड, त्यात इवले इवले दिवे. दिवा लागला की त्या भोकात दोरीची पिन खुपसायची आणि म्हणायचं, "नागपूर." दिवसभर माझं नाव नागपूर असे. हैदराबादची एक बाई मला नऊ वर्षं "गुड मॉर्निंग, नागपूर" म्हणत आली. तिचं नाव काय, ती गोरी की काळी, लग्न झालेली की नाही, मला काही माहीत नाही. तिला सर्दी झाली की तेवढी कळायची.

खुर्च्यांच्या मागे भिंतीपर्यंत चार हात जागा होती. त्या चार हातांत सुपरवायझर फिरत असे. पलीकडच्या खिडक्यांना खसच्या ताट्या, आणि बाहेरच्या व्हरांड्यातून पाणीवाला तासातासाने बादलीने पाणी मारून जायचा. पाणी पडलं की दहा मिनिटं स्वर्ग, मग पुन्हा कानावरचा हेडसेट तापायला सुरुवात. घाम कानामागून मानेवर उतरायचा आणि हात मोकळे नसल्यामुळे पुसता यायचा नाही. शेजारणीने पुसायचा. माझा शकुनने पुसला, शकुनचा मी.

शकुन म्हणजे शकुंतला. बोर्डावरच्या सात नंबरच्या खुर्चीवर ती आणि आठवर मी. दोघी एकाच दिवशी नोकरीला लागलो, एकाच बाकावर बसून ट्रेनिंग घेतलं, आणि परीक्षेत माझं नाव तिच्या नावाच्या दोन ओळी वर आलं, एवढाच काय तो फरक. ती नरखेड तालुक्यातली. घरची संत्र्याची बाग होती, वडील गेल्यावर ती नागपुरात भावाकडे आली आणि आई तिथेच राहिली. कॉल घेताना शकुन अशी सफाईदार हिंदी आणि इंग्रजी बोलायची की पलीकडच्या माणसाला वाटावं, कुठली कॉन्व्हेंटातली बाई आहे. आणि पिन काढली की लगेच माझ्याकडे वळून, "मंदे, थ्या अकोल्याच्या माणसाले काहून येवढी घाई झाली वं? पोरगी पळून गेली काय त्याची?"

लग्नसराईत तर बोर्ड नुसता पेटलेला असायचा. कुणाची वऱ्हाडाची बस काटोलच्या अलीकडे बंद पडलेली, कुणाच्या मामाला मुहूर्त चुकीचा कळलेला, कुणी तीन मिनिटांतली अडीच मिनिटं "हॅलो, ऐकू येतंय का" यातच घालवणारा. बोलणी चालू असताना ऐकायचं नाही असा नियम होता आणि आम्ही तो पाळत नव्हतो. जेवणाच्या सुट्टीत सगळ्याजणी चटईवर डबे उघडून बसायच्या. शकुनच्या डब्यात उन्हाळाभर कैरीचा तक्कू असायचा, कांदा घालून किसलेला. तो सगळ्यांच्या पोळीवर जायचा, आणि सकाळी ऐकलेली लग्नं तिथे पुन्हा एकदा लागायची किंवा मोडायची.

आमच्या दोन पद्धती होत्या, नियमाच्या पुस्तकात नसलेल्या. एक म्हणजे 'टेस्ट'. लाइन नीट आहे की नाही हे पाहायला आम्ही अधूनमधून रिकाम्या तारेवर समोरच्या गावाला बोलून बघायचो, ते कामच होतं. पण दुपारी दोनच्या आधीची दहा मिनिटं बोर्ड जरा थंड असे, तेव्हा जिचं कोणी परगावी असेल तिने दोन मिनिटं टेस्ट करायची आणि शेजारणीने तिचे दिवे सांभाळायचे. माझे बाबा अमरावतीला दवाखान्यात होते तेव्हा मी रोज दुपारी टेस्ट केली, ते जाईपर्यंत, तेरा दिवस. तेराही दिवस माझे दिवे शकुनने घेतले. शेवटच्या दिवशी मला बोर्डावर काही दिसेना, तेव्हा माझी पिनसुद्धा तिनेच काढली.

शकुनची टेस्ट मंगळवारी, दोनला दहा कमी असताना. मंगळवारी तिची आई गावाहून नरखेडला बाजाराला यायची आणि पोस्टात जाऊन बाकावर बसायची. पोस्टमास्तर भला माणूस, तो नागपूर लावून फोन तिच्या हातात द्यायचा. मला फक्त अलीकडची बाजू ऐकू यायची. "जेवली ना आई, जेवली. पोळी, वांग्याची भाजी. हो वं, तक्कू हाय ना. तू सांग, गुडघा कसा हाय?" दर मंगळवारी पहिलं उत्तर हेच. दोन मिनिटांनी ती पिन काढायची आणि पुढचे दहा-पंधरा कॉल अगदी गोड आवाजात घ्यायची.

दुसरी पद्धत म्हणजे ठोके. आमच्या सुपरवायझर पिंटो मॅडम मागच्या जागेत फिरायच्या. त्या उठून कोणाच्या दिशेने निघाल्या की ज्या मुलीला आधी दिसेल तिने पेन्सिलीची मागची बाजू बोर्डाच्या लाकडी काठावर दोनदा आपटायची. टक टक. ते ऐकलं की बारा पाठी ताठ व्हायच्या, गप्पा थांबायच्या, चालू असलेली टेस्ट निमूट संपायची. ही पद्धत कोणी काढली म्हणाल तर मीच. नवीन असताना एकदा गंमत म्हणून शकुनला सावध करायला पेन्सिल आपटली आणि ती अख्ख्या रांगेने उचलली. पिंटो मॅडमना ती कधी कळली नाही असं आम्ही समजून चाललो होतो.

त्या निवृत्त झाल्या आणि एप्रिल संपता संपता माझ्या नावाची ऑर्डर आली. इतवारीतून पेढे आणले. पहिला पेढा शकुनने माझ्या तोंडात कोंबला. "आता काय, आपलंच राज हाय वं बायांनो! मंदी सायबीण झाली!" सगळ्या हसल्या, मी सगळ्यांत जास्त हसले. मनात म्हणत होते, पिंटो मॅडम वेगळ्या होत्या, मी कुठे वेगळी आहे? उद्यापासून फक्त बसायच्या ऐवजी उभं राहायचं, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मी खुर्च्यांच्या मागे उभी राहिले. बारा वेण्या आणि अंबाडे मला पहिल्यांदाच पाठीमागून दिसले. शकुनच्या मानेवर एक तीळ आहे हे नऊ वर्षांत मला माहीत नव्हतं. आठ नंबरवर एक नवीन मुलगी बसली होती. मी एक नंबरपासून सातकडे चालायला लागले, शकुनला काहीतरी गंमत सांगायची होती. काय ते आता आठवत नाही. चारच्या जवळ पोचले असेन आणि ठोके पडले. टक टक.

मी चटकन मागे वळून पाहिलं. पिंटो मॅडम आल्या की काय, असंच मला वाटलं. नऊ वर्षांची सवय. मागे कोणी नव्हतं. पाणीवाल्याने नुकतीच बादली मारली होती, ताटीतून पाणी टपकत होतं आणि भिंतीवर घड्याळ होतं. पुढे पाहिलं तर बारा पाठी ताठ. मग मला समजलं. गंमत सांगायची राहिली आणि काहीतरी विचारायला आल्यासारखं करून मी एका मुलीचं कॉल नोंदवलेलं तिकीट उचलून पाहिलं आणि परत ठेवलं.

तेव्हापासून हे पायांचं सुरू झालं. सुपरवायझरला टेबल होतं, खुर्ची होती, पण बसलं की रांगेतून कुजबुज येई आणि उठलं की ठोके येत. बसू की उठू, यातच पाळी संपायची. माझ्या चपलांचा आवाज होतो, त्याने मुली बिचकतात, असं मला वाटलं म्हणून मी मऊ तळव्यांच्या चपला घेतल्या. चार दिवसांनी कानावर आलं की मंदा मॅडम आता आवाज न करता मागून येऊन पकडतात. मी मुकाट्याने जुन्या टाचांच्या चपला पुन्हा बाहेर काढल्या आणि फरशीवर जरा जोरानेच आपटत चालू लागले. यालाही कोणीतरी काहीतरी म्हटलं असणारच.

जेवणाच्या खोलीत मी डबा घेऊन गेले की चटईवर लगेच जागा व्हायची. जरा जास्तच. आधी मांडीला मांडी लावून बसायचो. आणि चालू असलेलं लग्न अर्धवट राहून कोणीतरी म्हणायचं, "यंदा ऊन फार आहे नाही, मॅडम?" तक्कू अजून माझ्या पोळीवर यायचा, पण आता शकुन चमचा पुढे करून विचारायची, "घेणार का?" हे 'घेणार का' मला तिखटापेक्षा जास्त लागायचं. माझ्याशी ती एकदम पुस्तकी बोलायला लागली होती. "मॅडम, मला पाच मिनिटं रिलीफ मिळेल का?" असं. ज्या तोंडाने मला नऊ वर्षं 'मंदे, ऐकून नाही राहिली काय वं' म्हटलं, त्या तोंडातून हे नीटनेटकं बोलणं आलं की वाटे, हिने मला ट्रंकलाइनवर घातलं आहे. मी एकदा म्हटलंही, "अगं, मी तीच आहे." ती म्हणाली, "हो मॅडम." आणि दिवा लागला म्हणून वळली.

खरं सांगायचं तर मलाही अधिकार आवडू लागला होता. एवढ्या वर्षांनी हे लपवण्यात काय अर्थ आहे? मी 'चार नंबर' म्हटलं की चार नंबर वळून बघायची, यात एक गोडी होती. मी घरी येऊन ह्यांना सांगायची, आज अमकीला कसं सुनावलं. आणि मग जेवण उतरायचं नाही. गच्चीवर अंथरुणं टाकलेली असायची, वारा पडलेला, मी कूस बदलत राहायची. आपण आज बरोबर वागलो की फक्त जोरात वागलो, याचा काही केल्या निकाल लागायचा नाही.

मेच्या मध्यावर एक्स्चेंजच्या साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. लग्नसराईमुळे कॉल सहा-सहा तास लागत नव्हते, तक्रारींचा गठ्ठा टेबलावर होता. साहेब वाईट नव्हते. त्यांनी पंखा माझ्याकडे वळवला आणि मग म्हणाले, "टेस्टच्या नावाखाली काय चालतं याची मला कल्पना आहे. पिंटो मॅडम मला कधी काही सांगत नव्हत्या. तुम्ही तर त्यांच्यातल्याच. तुम्हाला सगळं ठाऊक असणार. आजपासून एकही होता कामा नये."

'तुम्ही त्यांच्यातल्याच.' दोन-तीन आठवडे जे ऐकायला मी तडफडत होते ते मला साहेबांच्या तोंडून ऐकायला मिळालं. आणि पिंटो मॅडम काही सांगत नव्हत्या, म्हणजे त्यांना सगळं माहीत होतं. ठोकेसुद्धा. नऊ वर्षं ती बाई आम्हाला ठोके वाजवायला वेळ मिळावा म्हणून सावकाश चालत होती की काय, असं तेव्हा पहिल्यांदा मनात आलं. आणि मी सावकाश चालायला तयार नव्हते. मला वाटत होतं, मी ढिली पडले तर म्हणतील, मैत्रिणींना सांभाळते. कडक झाले तर म्हणतील, डोक्यात हवा गेली. दोन्हीतलं दुसरं मला साहेबांसमोर सोयीचं होतं.

मी बारा जणींना उभ्या उभ्या सांगितलं, उद्यापासून टेस्ट बंद. शकुन बोर्डाकडे बघत होती. दुसरा दिवस मंगळवार होता. हे मला ठाऊक होतं, आणि ते ठाऊक असूनच मी सांगितलं होतं.

सुपरवायझरच्या टेबलावर एक किल्ली असे, म्हणजे खटकाच. ती दाबली की कुठल्याही खुर्चीच्या तारेवर काय चाललं आहे ते ऐकू येई. ज्या नव्या असत त्यांना कळत नसे. पण आम्हा जुन्यांना लगेच कळायचं, कारण किल्ली दाबली की तारेवरचा आवाज किंचित खाली बसायचा, माठावर झाकण ठेवल्यासारखा. मंगळवारी दोनला दहा कमी असताना सात नंबरवर नरखेडचा दिवा लागला. शकुनने पिन घातली. मी टेबलाशी होते. साहेब केबिनमध्ये नव्हते, जेवायला घरी गेले होते. मला कोणी बघत नव्हतं. मी किल्ली दाबली.

नऊ वर्षं जिची फक्त अर्धी बाजू ऐकली होती त्या म्हातारीचा आवाज मला पहिल्यांदा ऐकू आला. बारीक, पण खणखणीत.

"जेवली काय वं, पोरी?"

"जेवली, आई. आज जास्त बोलता येत नाही. आता बंद झालं हे."

"काहून बंद झालं?"

"तसा हुकूम हाय."

"कोणाचा? थ्या तुह्या मंदीचा?" म्हातारीने विचारलं. "थे वर गेली म्हणत होती ना तू. तुले त्रास देऊन राहिली काय थे?"

आणि शकुन म्हणाली, "नाही वं. थे आपलीच हाय."

हे मी ऐकलं. आणि मी तोंडाजवळचा माइक ओढून म्हटलं, "सुपरवायझर, नागपूर. सात नंबर, लाइन सोडा."

मग म्हातारी म्हणाली, "कोण बोलून राहिलं वं मधात?" पिन काढल्याचा आवाज आला आणि माझ्या कानात नुसती तार उरली.

तेव्हा मी असं का केलं याची मी आजवर बरीच कारणं शोधली आहेत. आज नाही तोडलं तर उद्या अकरा जणी मागतील, हे एक. नियम म्हणजे नियम, हे दुसरं. पण ती सगळी घरी गेल्यावर सुचलेली कारणं. त्या क्षणी मला फक्त भीती वाटली. ती मला आपली म्हणते आहे, आणि मी चोरून ऐकते आहे, आणि ऐकून गप्प राहिले तर मी तिची झाले. सुपरवायझर राहणार नाही. एवढंच डोक्यात आलं आणि हात माइककडे गेला.

आणि पायांतली कळ आहे ती वेगळ्याच गोष्टीची आहे. किल्ली दाबल्यावर आवाज बसतो हे शकुनला माझ्याइतकंच माहीत होतं. मी ऐकते आहे हे तिला आधीच कळलेलं असणार. मग 'थे आपलीच हाय' हे तिने कोणाला सांगितलं? आईला, की मला? मनापासून म्हणाली, की वाचव म्हणून म्हणाली, की तोंडावर मारावं म्हणून? किती मे महिने गेले, हे मी ठरवू शकलेले नाही. खसचा वास आला की ते वाक्य येतं आणि मी उठून चालायला लागते.

पुढच्या मंगळवारी तिने नियमाप्रमाणे स्वतःच्या नावाने नरखेडचा साधा कॉल नोंदवला. तिकीट रांगेत लागलं. ते मी चारदा बघितलं आणि चारही वेळा जिथे होतं तिथेच राहू दिलं. चार वाजून गेल्यावर नंबर लागला, तोवर पोस्ट बंद झालं होतं. त्यानंतर तिने नोंदवणंही सोडलं. आईला कार्ड टाकलं की येऊ नको. पण म्हातारी बाजाराला येतच होती, मग पोस्टातही येतच राहिली. तेव्हापासून शकुनने मंगळवारी बरोबर दोनला दहा कमी असताना चहाची रिलीफ मागायला सुरुवात केली. नरखेडचा दिवा लागलेला तिला बघायचा नव्हता. तिने मागितल्याबरोबर मी द्यायची. आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. माझ्या येण्याचे ठोके सगळ्याजणी वाजवायच्या, पण सात नंबरची पेन्सिल कधी हलली नाही. ती पाठ ताठ ठेवूनच बसायची, मी येवो न येवो.

जून उजाडला तरी आभाळ कोरडं होतं. नुसता उकाडा. त्या मंगळवारी तीन मुली आजारी आणि बोर्ड पेटलेला. दोनला दहा कमी असताना शकुन उभी राहिली. "मॅडम, रिलीफ." बदली बसवायला माणूस नव्हतं. मी म्हटलं, "जा. मी बसते."

ती गेली. मी सात नंबरवर बसले. दीड महिन्याने मी बोर्डाकडे तोंड करून बसले होते. खुर्ची अजून तिच्या अंगाने गरम होती. हेडसेट चढवला, हात आपोआप चालू लागले, वर्धा, अकोला, मुंबई, आणि पाय शांत झाले. खरंच झाले. मी ते खाली वाकून पाहिले, इतके ते शांत झाले. मग नरखेडचा दिवा लागला.

"नागपूर."

"नरखेड. बाई, त्या आजी आजही आल्या आहेत. काय सांगू?" पोस्टमास्तरांचा आवाज.

शकुन नाही, एवढं म्हणून पिन काढायची होती. बोर्डावर चार दिवे थांबलेले होते. मी म्हटलं, "द्या त्यांना."

"शकुन?"

"नाही, आजी. शकुन चहाला गेली आहे. मी मंदा."

"थे वर गेलेली?"

"हो."

मला वाटलं, आता म्हातारी ऐकवते चार शब्द, आणि मी ते ऐकायला हेडसेट कानाशी दाबून बसले. ती म्हणाली, "मंग तू काहून बसली वं तिच्या जागी? तिले काढलं काय?"

"नाही हो, नाही. कोणी काढलं नाही. पाच मिनिटांत येते ती."

"हं." मग सुस्कारा. मग अगदी सहज, दर मंगळवारी विचारते तसंच, "तू जेवली काय?"

जेवणाच्या खोलीत मी दोन आठवडे गेलेच नव्हते. टेबलाशी उभ्या उभ्या काहीतरी खायची. 'हो' म्हटलं, ते मलाच ऐकू आलं नाही. "आवाज बसला काय तुहा?" म्हातारी पलीकडून विचारत होती. "कैरीचं पन्हं पेत जाय. तिकडं लय तापून राहिलं म्हणते शकुन."

आणि माझ्या खांद्यामागे, खुर्चीच्या पाठीवर, ठोके पडले. टक टक.

मी वर पाहिलं. समोरच्या काचेत साहेबांच्या केबिनचं दार उघडताना दिसलं. हात सवयीने पिनेवर गेला. "आजी, शकुनला सांगते," एवढं म्हणून पिन काढली, पाठ ताठ केली आणि मुंबईचा दिवा घेतला. साहेब रांगेमागून चालत गेले. सुपरवायझर बोर्डावर बसलेली पाहून म्हणाले, "बरं केलंत, माणसं कमी आहेत," आणि पुढे गेले.

ते गेल्यावर मी वळले. माझ्या मागे, त्या चार हातांच्या जागेत, जिथे मी उभी राहते तिथे शकुन उभी होती. केव्हा आली, काय काय ऐकलं, मला माहीत नाही. तिच्या हातात पेन्सिल होती, उलटी धरलेली. मी काढलेले ठोके, दीड महिना रोज माझ्यावर पडलेले, ते तिने आज माझ्यासाठी वाजवले होते.

"आई जेवलीस का विचारत होती," मी म्हटलं.

"तुले?"

"मला."

तिने माझ्याकडे बघितलं. त्या 'थे आपलीच हाय'चं विचारावं, असं माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. पण बोर्डावर दिवे वाट बघत होते आणि ती पुढे आली.

"ऊठ वं मंदे," ती म्हणाली, "जागा माही हाय."

मी उठले. तिने हेडसेट डोक्यावर चढवला आणि माझ्याकडे पाठ केली. मी टेबलाकडे चालू लागले, चपला आपटत. चार पावलं गेले असेन आणि मागे, सात नंबरवरून, पेन्सिल वाजली. टक टक. सगळ्या पाठी ताठ झाल्या. मी मागे वळून पाहिलं नाही. त्या दिवसापासून मी सावकाश चालायला शिकले.